कोथरूडची फुले, कृष्णेचा घाट

आमची माई वाईला असते. गेल्या भाऊबीजेला गुडघ्यांनी मला घरीच बसविले, म्हणून कोथरूडहून फोनवरच गुच्छ धाडला. चकचकीत कागदात कार्नेशन्स! माईने विचारले, "अरे, यांना वास कसा नाही?"

यंदा स्वतःच निघालो. कोपऱ्यावरच्या फुलवालीकडून कळ्यांची गुलछडी घेतली, ओल्या फडक्यात गुंडाळली आणि स्वारगेटला एस.टी. धरली. खंबाटकी ओलांडीपर्यंत तीनदा पाणी शिंपडले; शेजारच्या गृहस्थांनी मला वेड्यातच काढले असणार!

कृष्णेच्या घाटावर, १७६२ साली रास्त्यांनी बांधलेल्या ढोल्या गणपतीपाशी, माई वाट पाहत बसली होती. दृष्टी आता पार अधू झालेली. मी नुसता जवळ गेलो, पुडके अजून सोडलेही नव्हते.

"गुलछडी!" ती म्हणाली.