पाचव्या मिनिटाच्या अलीकडे

बोर्ड सुरू केला की पाच मिनिटांच्या सुमारास लॉगमध्ये एकच तक्रार दहा-बारा वेळा यायची: सेन्सरने उत्तर दिलं नाही. पुढे दिवसभर सगळं सुरळीत. हार्डवेअर नवीन आहे, रुळेल, असं म्हणून आम्ही ते सोडून दिलं होतं. एके दिवशी मी वेळ लिहून काढली. प्रत्येक बोर्डावर तक्रारी 4 मिनिटं 58 सेकंदांनी सुरू होत आणि बरोबर पाचव्या मिनिटाला थांबत. ड्रायव्हर माझा होता आणि सेन्सरची वाट 2 सेकंद बघायची, हेही मीच लिहिलं होतं.

ते 2 सेकंद मी लिनक्स कर्नलच्या जिफीज या काउंटरवर मोजत होतो. तो टायमरच्या दर ठोक्याला एकाने वाढतो. आमच्याकडे सेकंदाला 1000 ठोके. 32 बिटांत 4,29,49,67,295 पर्यंतच मोजता येतं. पुढचा ठोका पडला की शून्य. समजा काउंटर 4,29,49,67,290 वर आहे आणि दहा ठोके थांबायचंय. मुदत येते 4. दोन ठोक्यांनी मी विचारतो, आत्ताचा आकडा मुदतीपेक्षा मोठा आहे का? आहेच की! म्हणजे मुदत संपली, सेन्सर मेला. खरं तर अजून आठ ठोके बाकी असतात. मुदतीतून आत्ताचा आकडा त्याच 32 बिटांत वजा केला, तर शून्य ओलांडूनही उत्तर आठच येतं. टाइम_आफ्टर हा मॅक्रो एवढंच करतो: वजाबाकी करून चिन्ह बघतो. अंतर निम्म्या फेरीच्या, म्हणजे साधारण 24.8 दिवसांच्या आत असलं की झालं.

पण 49.7 दिवसांची फेरी पाच मिनिटांत कशी पुरी झाली? कर्नल लिहिणाऱ्यांनी काउंटर मुद्दामच शून्याच्या पाच मिनिटं अलीकडून सुरू केलाय. मला ही फार मोठ्या मनाची गोष्ट वाटते. पुढे कोण, कुठे, काय चुकणार हे त्यांना ठाऊक नव्हतं, तरी ती चूक माझ्या टेबलावरच उघडी पडावी अशी सोय त्यांनी करून ठेवली. काउंटरच्या अशाच चुकीपायी 2015 साली अमेरिकेच्या विमान प्रशासनाला बोइंग 787 साठी आदेश काढावा लागला: वीज सलग 248 दिवस चालू राहिली, तर काउंटर भरून सगळे जनरेटर एकदम बंद पडू शकतात. ते प्रयोगशाळेत सापडलं, हवेत नाही.

मी एक ओळ बदलली. आता नवा ड्रायव्हर चढवला की पहिली सहा मिनिटं मी खुर्चीतून उठत नाही.