मापावर रबर लिहिलेलं नसतं

भिलाईत सील-बेअरिंगच्या धंद्यात माझी उमर गेली. इस्पात कारखान्याची पहिली झोतभट्टी 1959 साली सुरू झाली आणि पुढे कारखान्याच्या आधाराने हथखोज, नंदिनी रोड या भागांत लहान-मोठे कारखाने उभे राहिले. तिथून येणारं गिऱ्हाईक बहुधा जुनं सील कागदात गुंडाळून आणतं आणि म्हणतं, "भैया, ऐसा ही दे दो." सीलवर 80×100×10 असं माप असतं. शाफ्ट 80, बाहेरचा व्यास 100, जाडी 10 मिलिमीटर. त्यावरून सील मिळतं, पण कोणतं रबर लागेल ते कळत नाही.

ते जुनं सीलच सांगतं. एका रोलिंग मिलमधल्या गिअरबॉक्सचं सील वारंवार जात होतं. भट्टीतून लालभडक बिलेट ज्या रोलरांवर येतात, त्यांना फिरवणारा हा गिअरबॉक्स. आलेलं सील नायट्राइल रबराचं, काळं. त्याची लिप, म्हणजे शाफ्टला टेकणारी कड, बोटाने वाकवली तर वाकेना. नीट पाहिलं तर तिच्यावर बारीक उभ्या चिरा होत्या आणि जळक्या तेलाची काजळी चिकटलेली होती. नायट्राइल साधारण 100 अंशांपर्यंत नीट काम करतं. मे महिन्यात इथली हवाच 45 अंशांच्या आसपास जाते, त्यात शेजारी भट्टी. गिअरबॉक्समधलं तेल 90 अंशांवर होतं. घर्षणामुळे लिपचं तापमान तेलापेक्षा वीस-तीस अंशांनी जास्त असतं, हे हिशेबात धरलं की उत्तर मिळतं. शिवाय गिअर ऑइलमधली गंधकाची रसायनं तापली की नायट्राइलला आणखी कडक करतात.

तिथे मी फ्लुरोकार्बन रबर सुचवलं. बाजारात त्याला सरसकट व्हायटॉन म्हणतात. ते 200 अंशांपर्यंत टिकतं, पण किंमत कितीतरी पट असते. देण्याआधी शाफ्ट पाहायला गेलो. जुन्या लिपने शाफ्टवर नखाला लागेल इतकी खाच पाडली होती. खाचेत बसलेलं कुठलंही सील गळणारच. म्हणून मागे पातळ रिंग घालून सील थोडं सरकवून बसवलं, लिप कोऱ्या जागी आली आणि गळती थांबली.

यावरून त्याच मिलच्या भांडार विभागाने ठरवलं की यापुढे सगळीकडे व्हायटॉनच घ्यायचं. काही महिन्यांनी तक्रार आली ती हायड्रॉलिक पंपाची, आणि तीही नव्या, महागड्या सीलची. पंपात खनिज तेल नव्हतंच. तापलेल्या लोखंडाजवळ पाइप फुटला तर आग लागू नये म्हणून तिथे पाणी आणि ग्लायकॉलचं मिश्रण वापरतात. त्यात गंज रोखण्यासाठी अमाइन असतात आणि ते नेहमीच्या व्हायटॉनला ठिसूळ करतात. पाण्यामुळे हे मिश्रण फार गरमही चालवत नाहीत, त्यामुळे उष्णतेचा प्रश्न नव्हता. तिथे साधं नायट्राइल लावलं आणि ते टिकलं. त्याऐवजी फॉस्फेट एस्टर हा सहज न पेटणारा दुसरा द्रव असता तर नायट्राइल फुगून मऊ पडलं असतं. फॉस्फेट एस्टरला ब्युटिल किंवा ईपीडीएम रबर चालतं, पण तेच ईपीडीएम खनिज तेलात फुगतं.

रंगावर तर मुळीच जाऊ नये. तपकिरी म्हणजे व्हायटॉन असं लोक धरून चालतात, पण रंग कुठल्याही रबरात मिसळता येतो. एकाच मापाच्या दोन ओ-रिंग तळहातावर घेतल्या तर व्हायटॉनची स्पष्ट जड लागते, तिची घनता नायट्राइलच्या साधारण दीडपट असते. जाळून पाहायची खोड मात्र सोडावी. जळत्या व्हायटॉनमधून हायड्रोजन फ्लोराइड वायू निघतो, आणि आगीत सापडलेल्या सीलला उघड्या हाताने शिवणंही धोक्याचं आहे.

म्हणून माप सांगणाऱ्याला मी आणखी चार गोष्टी विचारतो: आत कोणतं तेल किंवा द्रव आहे, तो किती तापतो, शाफ्ट किती वेगाने फिरतो आणि शाफ्टवर खाच आहे का? कधी त्यात दहा मिनिटं जातात, गिऱ्हाईक वैतागतं. पण भट्टीजवळ गळणाऱ्या तेलावर माणूस घसरतो, तेल पेटतं, मिल थांबते. त्यापुढे दहा मिनिटं काहीच नाहीत. चारही उत्तरं मिळाल्याशिवाय मी सील काढून देत नाही.