मोबाईलचे गुण आणि गुरुजींची नोंदवही

आपल्या सोलापूर जिल्ह्यात माढा तालुका आहे. त्या तालुक्यात परितेवाडी नावाचे लहानसे गाव आहे. तिथे आपल्यासारखीच जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा आहे. रणजितसिंह डिसले गुरुजी २००९ साली त्या शाळेत शिकवायला आले. त्यांनी मुलांच्या पुस्तकांना क्यूआर कोड जोडले. मोबाईल त्यावर धरला की कविता ऐकू यायची, धडा चित्रांतून दिसायचा. २०१७ साली राज्य सरकारने सगळ्या पाठ्यपुस्तकांत असे कोड छापायचे ठरवले. ३ डिसेंबर २०२० रोजी डिसले गुरुजींना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. बक्षीस १० लाख डॉलरचे होते. त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या ९ शिक्षकांना वाटून दिली. हे ऐकून आमच्या वर्गाने टाळ्या वाजवल्या. आपल्याच जिल्ह्यातले गुरुजी की ओ!

क्यूआर कोड म्हणजे काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन. १९९४ साली जपानमध्ये मासाहिरो हारा यांनी तो तयार केला. मोटारीचे सुटे भाग ओळखायला तो कामाला यायचा. त्याच्या तीन कोपऱ्यांत तीन मोठे चौकोन असतात. त्यावरून मोबाईलला कळते की कोड सुलटा आहे का उलटा. चौकोनाचा थोडा भाग मळला तरी मोबाईल तो वाचतो. माझ्या पुस्तकावर चहा सांडला होता, तरी कविता लागली.

आता परीक्षेचे सांगते. माझ्या आजीच्या वेळी वर्षाच्या शेवटी मोठी परीक्षा असायची. नापास झाले की परत त्याच वर्गात बसायचे. आजी तिसरीत नापास झाली आणि तिची शाळा सुटली. कुठे अडले, असे तिला कुणी विचारले नाही.

१ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्काचा कायदा लागू झाला. त्यानंतर आपल्या राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. नाव अवघड आहे, पण गुरुजींनी पालकसभेत सोपे करून सांगितले. वर्षभर बघत राहायचे, आणि सगळ्या बाजूंनी बघायचे. त्याचे दोन भाग केले, आकारिक आणि संकलित. तेव्हा तिसरी-चौथीसाठी ६० गुण आकारिकचे आणि ४० संकलितचे ठरले. आकारिकमध्ये तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय असे प्रकार असतात. सगळ्यात पहिले असते दैनंदिन निरीक्षण. म्हणजे गुरुजी रोज आपल्याकडे बघतात आणि नोंदवहीत लिहितात.

दिवाळीनंतर आमच्या वर्गात एक नवीन मुलगी आली. तिचे आईवडील मराठवाड्यातून ऊसतोडीला आले आहेत. त्यांची टोळी कारखान्याच्या रस्त्याला कोप्या करून राहते. ती माझ्या शेजारी बसते. पहाटे आईवडील फडात गेले की ती लहान भावाला सांभाळते आणि मग त्याला घेऊनच शाळेत येते.

एक दिवस गुरुजींनी मोबाईलवर गणिताची चाचणी घेतली. मोबाईल गुरुजींचा एकच, म्हणून आम्ही पाळीपाळीने बसलो. १० उदाहरणे होती. प्रत्येक उदाहरणाला चार उत्तरे आणि अर्धा मिनिट वेळ. वेळ संपली की पुढचे उदाहरण आपोआप यायचे. शेवटी मोबाईल लगेच गुण सांगायचा. माझे ७ आले. माझ्या शेजारणीचे ३ आले. मागून कोणीतरी “ढ हाय” म्हणाले. ती काही बोलली नाही. भावाचे नाक पुसत बसली.

गुरुजींनी तिला टेबलाजवळ बोलावले आणि विचारले, “काय गं, कुठं अडलं?”

ती हळूच म्हणाली, “वाचुस्तवर ते पळतंय, गुरुजी.”

मग गुरुजींनी चुकलेली सातही उदाहरणे तिला वाचून दाखवली. पहिले असे होते. एका पेटीत २४ डाळिंबे असतात, तर ६ पेट्यांत किती? ती चटकन म्हणाली, “एकशे चव्वेचाळीस.” गुरुजी म्हणाले, “कसं काढलंस?” ती म्हणाली, “इसाचे एकशे इस, चाराचे चोवीस.” पाटी नाही, पेन्सिल नाही! गुरुजींनी मुद्दाम आणखी एक घातले. एका मोळीत १२ ऊस, तर १५ मोळ्यांत किती? ती म्हणाली, “दहा मोळ्यांचे एकशे इस, पाचाचे साठ. एकशे ऐंशी.” सगळा वर्ग गप्प झाला.

सातांपैकी सहा बरोबर आली. एक मात्र खरेच चुकले. तो भागाकार होता आणि त्यात बाकी उरत होती. गुरुजींनी नोंदवहीत लिहिले, ‘गुणाकार तोंडी पक्का. बाकी उरणारा भागाकार परत शिकवणे. वाचनाचा सराव हवा.’

मग गुरुजींनी एका मुलाला बोलावले. त्याचे ८ आले होते. त्यालाही विचारले, कसे काढलेस? तो हसला आणि म्हणाला, “दोन-तीन वेळा नुसतं बोट ठेवलं, गुरुजी.” सगळे हसले. त्याच्यापुढेही गुरुजींनी काहीतरी लिहिले.

नंतर गुरुजी आम्हांला म्हणाले, “मोबाईल खोटं बोलत नाही. तीन आले म्हणजे तीनच आले. पण का आले, ते त्याला माहीत नसतं. ते मी विचारायचं असतं. मोबाईलमुळं तपासायचा वेळ वाचतो, तो वेळ मला विचारायला मिळतो. डाग पडलेला कोड मोबाईल वाचतो, तर मला पोरगं वाचता आलं पाहिजे.”

ज्या मोबाईलने तिला तीन गुण दिले, तोच आता तिला वाचायला मदत करतो. मधल्या सुट्टीत गुरुजी पुस्तकातला कोड लावून देतात. कविता ऐकू येते. आम्ही दोघी ओळीवर बोट ठेवून बरोबर म्हणतो. तिचा भाऊपण म्हणतो, त्याला तर अजून अक्षरच येत नाही. आता ती अडखळत का होईना, पान वाचते.

कारखान्याचा पट्टा पडला की तिची टोळी गावी परत जाईल. गाव बदलणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी पत्रक असते. मुलाला काय येते, काय शिकवायचे राहिले, ते त्यात लिहून नव्या शाळेत द्यायचे असते. गुरुजी ते भरून तिच्या दप्तरात देणार आहेत. त्यात नुसते १० पैकी ३ लिहिले, तर तिकडच्या बाई काय समजतील? मागच्या बाकावर बसवतील. पण नोंदवहीतले लिहिले, तर त्या पहिल्या दिवसापासून भागाकार शिकवतील. म्हणून मला वाटते, गुणांपेक्षा ती एक ओळ मोठी आहे.

भित्तिपत्रक वाचायला आलेल्या पालकांना माझी विनंती आहे. आमचा निकाल बघायला आलात की किती गुण पडले ते जरूर विचारा. पण नोंदवहीत काय लिहिले आहे, तेही गुरुजींना विचारा. आणि घरी गेल्यावर रागावण्याआधी आम्हांला विचारा, “कुठं अडलं?” आम्ही सांगू.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता चौथी