सोनाराच्या नावे आलेली चिठ्ठी

जालन्याच्या सराफ्यात आमचं दुकान. बाळाचे कान टोचायला लोक वडिलांकडं यायचे. वडील आधी बाळाच्या कानाची पाळी उन्हाकडं धरत, जिथून उजेड आरपार दिसेल आणि शीर आडवी येणार नाही तिथं खूण करत, मग सोन्याची तार ओवत. मी ते पाहत पाहत शिकलो आणि आपल्याला कानातलं सगळं कळतं असं समजू लागलो. पुढं त्या कानाचं काय होतं, हा विचार मी केलाच नव्हता. मंठा, परतूर, घनसावंगीकडच्या बायका यायच्या. कुणाचं भोक झुब्यांच्या भारानं लांबलेलं, कुणाचा कान लेकरानं डूल ओढल्यामुळं खालपर्यंत चिरलेला. पदर सावरत विचारायच्या, "याच्यात काही बसंल का?" भोक लांबलेलं असेल तर आम्ही वेल जोडून द्यायचो, म्हणजे थोडा भार केसांवर जाई. चिरलेल्या कानाला आमच्याकडं उत्तर नव्हतं. ते दुसऱ्या कुणाकडं असेल, हेही मला ठाऊक नव्हतं.

ते एका चिठ्ठीतून कळलं. परतूरकडच्या एका मावशींनी औरंगाबादच्या एका प्लास्टिक सर्जनकडून दोन्ही पाळ्या शिवून घेतल्या होत्या. डॉक्टरांनी सोनारासाठी लिहून दिलं होतं: तीन महिने होईपर्यंत टोचू नये, टोचायचं तेव्हा व्रणाच्या रेषेत नको, शेजारी, जड दागिना घालू देऊ नये. डॉक्टरनं सोनाराला विश्वासात घेऊन लिहावं, याचंच मला अप्रूप वाटलं. पुढच्या खेपेला औरंगाबादला गेलो तेव्हा त्यांना भेटलो.

त्यांनी मला समोर बसवून शिकवलं. पाळीत कूर्चा नसते, म्हणून ती भारानं लांबते आणि बारीक तारेनं हळूहळू चिरत जाते. नुसत्या कडा एकमेकींना चिकटवून भागत नाही. चिरेच्या आतली कातडी काढून ताज्या कडा शिवाव्या लागतात. पाळीपुरती भूल देऊन हे काम होतं, रुग्ण त्याच दिवशी घरी जातो. बुगडीची जागा मात्र वेगळी. तिथं कूर्चा आहे, आणि कूर्चेला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. तिथं पू झाला तर कानाचा आकारच ढासळतो, म्हणून तिथली सुई निर्जंतुक हवीच. मग त्यांनी सुश्रुतसंहिता काढली. सूत्रस्थानाच्या सोळाव्या अध्यायात कान टोचण्याचा विधी आहे आणि फाटलेली पाळी जोडण्याच्या पंधरा रीती आहेत. सूर्याच्या उजेडात दिसणाऱ्या नैसर्गिक छिद्रापाशी टोचावं, असं तिथं सांगितलंय. म्हणजे वडिलांच्या हाताला जे ठाऊक होतं, ते दोन हजार वर्षांपासून लिहून ठेवलेलं होतं. वडिलांना मी हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

त्याच बैठकीत डॉक्टर म्हणाले, "बाराव्या दिवसाचं बाळ माझ्याकडं येत नाही, तुमच्याकडं येतं. तुम्ही कान माझ्या आधी पाहता." जन्मानंतर काही आठवडे आईच्या संप्रेरकांमुळं बाळाची कूर्चा मऊ असते. कानाची कड दुमडलेली असेल, कान पुढं आलेला असेल, तर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत साचा लावून तो बसवता येतो आणि पुढं शस्त्रक्रियेची वेळच बहुधा येत नाही. ते दिवस निघून गेले की कूर्चा घट्ट होते. इतकी वर्षं अशी बाळं माझ्या मांडीवरून गेली होती. माझी नजर पाळीच्या पुढं कधी गेलीच नव्हती. आता तार ओवण्याआधी मी सगळा कान पाहतो.

घरात भाच्याचे कान सुपासारखे. शाळेतल्या चिडवण्यानं तो केस वाढवून हिंडायचा. घरचे म्हणायचे, हे नखरे आहेत, देवानं दिलं ते ठेवावं; मीही तसंच म्हणायचो. हे कानावर घातलं तेव्हा डॉक्टरांनी मला डॉ. शरदकुमार दीक्षितांबद्दल सांगितलं. पंढरपूरचा जन्म, अमेरिकेत प्लास्टिक सर्जन. १९७८ च्या मोटार अपघातानं अंगाची एक बाजू अधू झाली, पुढं कर्करोगानं स्वरयंत्र गेलं, तरी भारतात येऊन दुभंगलेले ओठ आणि पडलेल्या पापण्या ते विनामूल्य दुरुस्त करत राहिले. २००१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. चेहऱ्यामुळं माणूस मान खाली घालून जगत असेल, तर त्याची मान वर करणं हे वैद्यकाचंच काम, असं आमचे डॉक्टर मानत. तरी भाच्याला घेऊन गेलो तेव्हा त्यांनी लगेच हो म्हटलं नाही. आम्हाला बाहेर पाठवून ते त्याच्याशी एकट्याशी बोलले. त्याला स्वतःला हवं आहे, याची खात्री पटल्यावरच तारीख दिली.

तेव्हा त्यांनी सांगितलेलं मी दुकानाच्या वहीत उतरवून घेतलं, आजही विचारणाऱ्याला तेच सांगतो. पुढं आलेला कान बसवण्याची शस्त्रक्रिया पाच-सहा वर्षांच्या आत नको. तोवर कान जवळजवळ पूर्ण वाढतो. छेद कानामागं असतो, कूर्चेला टाके घालून घडी पाडतात. ऐकण्यात फरक पडत नाही. दोन्ही कान तंतोतंत सारखे होणार नाहीत, कुणाचेच नसतात. जुना व्रण फुगून वाढलेला असेल, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर आधी सांगावं. सर्जन प्लास्टिक सर्जरीतला एम.सीएच. किंवा तितकाच शिकलेला आहे का, हे विचारायला लाजू नये. पट्टीखाली एकाच बाजूला ठणका वाढत गेला तर आत रक्त साकळलेलं असू शकतं. सकाळची वाट न पाहता त्याच रात्री डॉक्टरांना फोन करावा. पट्टी निघाल्यावरही काही आठवडे झोपताना डोक्याला पट्टा बांधावा. हा शेवटचा नियम भाच्यानं फार मनापासून पाळला.

डॉक्टरांनी आता शस्त्रक्रिया थांबवल्या आहेत. लग्नसराईत मुलीला घेऊन आई येते, चिरलेला कान दाखवते आणि झुब्यांची जोडी मागते. मी आधी लग्नाची तारीख विचारतो. तीन महिन्यांहून जास्त वेळ असेल तर डॉक्टरांच्या शिष्याचा पत्ता लिहून देतो. दिवस कमी असतील तर प्रेसची हलकी कुडी करून देतो आणि सांगतो, कान लग्नानंतर निवांत शिवून घ्या, झुबे तोवर माझ्याकडं राहू द्या.