गंजाआधीचा उजेड

प्राणवायूआधीच्या पृथ्वी, तुझं आकाश निळं नव्हतं.

एवढंच मनाशी म्हणतो आणि पुढचे शब्द अडतात. मिथेनचं नारिंगी धुकं असावं तुझ्यावर, निदान अधूनमधून. सूर्य कोवळा, आजच्या तीन चतुर्थांश तेजाचा. चंद्र जवळ. दिवस आखूड. पाण्यात लोखंड विरघळलेलं, म्हणून समुद्र बहुधा हिरवट. आणि त्या उथळ, ऊबदार पाण्यावर जीवांची साय धरलेली. उजेड पिणारी, पण प्राणवायूचा एक कणही न सोडणारी.

लाटा फुटत होत्या. पाऊस पडत होता. ऐकायला कुणी नव्हतं.

दक्षिण आफ्रिकेत विटवॉटर्सरँडच्या खडकात तुझ्या नद्यांनी वाहून आणलेले पायराइटचे दाणे आहेत. गोल. गुळगुळीत. अजून पिवळे. लोखंड आणि गंधकाचे हे दाणे आजच्या नदीत पडले, तर समुद्र गाठायच्या आत गंजून नाहीसे होतील. तुझ्या नदीत ते गडगडत गेले, एकमेकांवर घासले, झिजले आणि चमकत राहिले. गंज म्हणजे काय हे तुझ्या पाण्याला ठाऊकच नव्हतं. न पाहिलेल्याची आठवण येते का? या दाण्यांपाशी येते. फार येते.

मग त्या सायीतलाच कुणी एक नीलहरित जीव पाणी फोडायला शिकला, आणि उन्हाचा घोट घेता घेता त्याने एक बुडबुडा सोडला, आणि तो बुडबुडा लोखंडाने गिळला, आणि गिळता गिळता लोखंड लाल होऊन तळाशी बसत गेलं, थरावर थर, लाल आणि काळा, पुन्हा लाल, पुन्हा काळा, पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या हॅमर्सलीच्या घळींत आजही बोट फिरवावं असे पट्टे, कोट्यवधी वर्षं, शेवटी गिळायला लोखंड पुरेना तेव्हा बुडबुडे वर आले, हवेत शिरले, हवेतच राहिले, आणि सुमारे 240 कोटी वर्षांपूर्वी तुझं ते नारिंगी आकाश विरत विरत गेलं.

मिथेन गेला. त्याची ऊब गेली.

बर्फ आला. ह्यूरन सरोवराच्या उत्तरेला, त्या बर्फाने सोडलेले धोंडे दगड झालेल्या गाळात अजून रुतून आहेत. का झालं, कुणामुळे झालं, ते मला विचारायचं नाही. त्या नीलहरित जिवावर माझा राग नाही. त्याला फक्त ऊन हवं होतं.

पण तुझे ते सगळे? ज्यांना तो बुडबुडा विषासारखा लागला? त्यांची हाडं नाहीत, शिंपले नाहीत, नावं नाहीत. किती गेले, हे दगडालाही सांगता येत नाही.

गोव्याच्या खाणींतलं लोहखनिज अशाच पट्टेदार खडकांतून आलेलं. मांडवीतून लाल मातीने भरलेली बार्ज जाताना पाहिली, की वाटायचं, तुझा समुद्रच कुणी उपसून नेतो आहे. काठावरच्या कुणाला हाक मारून सांगावंसं वाटायचं. काय सांगणार?

उरलेत काही तुझे. हवा पोचत नाही तिथे. खाजणाच्या काळ्या चिखलात, रवंथ करणाऱ्या गाईच्या पोटात, भाताच्या खाचराखाली. आषाढ-श्रावणात तुंबलेल्या खाचरात पाय रोवला, की घोट्याभोवती बुडबुडे फुटतात. मिथेनचे. तुझ्या आकाशातला तेवढाच अंश. तोही या निळ्या हवेत दहा-बारा वर्षांत विरून जातो.

मी तुझ्या किनाऱ्यावर आलो असतो, तर काही क्षणांतच कोसळलो असतो. माझी छाती तुझ्यानंतरच्या हवेची. ठाऊक आहे मला.

तरी यायचं होतं. ते हिरवं पाणी भर दुपारी एकदा पाहायचं होतं.