भोगव्यात सरळच खेळायचं!

वीकेंडला मालवण म्हटलं की आपला मेन्यू ठरलेला : सिंधुदुर्ग किल्ला, तारकर्लीत स्कूबा, वर सुरमईची थाळी. या वेळी जरा वाट वाकडी करा. देवबागच्या समोर, कर्ली नदीच्या मुखापलीकडे भोगव्याचा किनारा आहे. ओहोटीला जा आणि पोरांच्या क्रिकेटमध्ये घुसा.

सचिनने २०२३ मध्ये पन्नासावा वाढदिवस सिंधुदुर्गात साजरा केला, त्यामुळे इथे विषय निघतोच : त्याचा बेस्ट फटका कुठला? माझं मत पक्कं. १ मार्च २००३, सेंच्युरियन. शोएब अख्तरला थर्ड मॅनवरून भिरकावलेला सिक्स! आमच्या ऑफिसात यावर वादच होत नाही.

इथे झाला. २००३ मध्ये जन्मलाही नसलेला एक पोरगा म्हणाला, "तो सिक्स सोड रे दादा! त्याच ओव्हरीत सरळ ढकललेलो चौको बघितलंस?"

बॅट हातात घेतल्यावर त्याचं लॉजिक कळलं. पिच पाण्याला समांतर, ऑफ साइडला अख्खा अरबी समुद्र. बॉल पाण्यात गेला की आउट. म्हणजे तो ऐतिहासिक सिक्स भोगव्यात चक्क विकेट! सरळ ढकललेला बॉल मात्र ओल्या, घट्ट वाळूवरून पळतच सुटतो. पोरांनी सचिन मोबाइलवर पाहिलाय, पण त्याला मार्क दिलेत ते स्वतःच्या वाळूवर खेळून.

मी अजून सिक्सवाल्यांच्याच पार्टीत आहे. पण मॅच जिंकायची असेल, तर भरतीने पिच गिळायच्या आत सरळ खेळा, बॉस!