कॉर्ड बदलते तिथे

कराड,
रविवार

चि. बाळ्यास,

तुझा निरोप मिळाला आणि कॉर्ड प्रोग्रेशन्सची ती भलीमोठी यादीही. ‘मामा, यातली कोणती घोटू?’ असं विचारतोस. माझं ऐक, यादी ठेव बाजूला. तुझं गिटारचं रेकॉर्डिंग ऐकलं. बोटं झकास पळतात, पण खाली एफ चाललीय की जी, याचा तुझ्या सुरावटीला पत्ताच नसतो. ते सुधारायला तीन प्रोग्रेशन्स पुष्कळ झाली.

इथं प्रीतिसंगमावर संध्याकाळी कॉलेजची पोरं गिटार घेऊन बसतात. बहुतेकांचं चक्र एकच, तेच तुझं पहिलं: ए मायनर, एफ, सी, जी. त्यावर ए मायनर पेंटॅटॉनिकचे पाच सूर कसेही फिरवले तरी कानाला खटकत नाहीत, आणि तिथंच घात होतो. खटकत नाही म्हणून कुणी ऐकतही नाही. तू असं कर: कॉर्ड बदलली की पहिल्याच मात्रेला तिचा गंधार लाव, म्हणजे कॉर्डचा मूळ सूर सा धरला तर जो ग येईल तो. ए मायनरला सी, एफला ए, सीला ई, जीला बी. हा बी तुझ्या पाच सुरांत नाहीच. जी आली की तो मुद्दाम आणावा लागतो, आणि आणायचा म्हणजे जी कधी येणार हे आधीच ऐकू यावं लागतं.

दुसरं, डी मायनर सेव्हन आणि जी सेव्हन, दोन-दोन बार. डी हा सा धरलास तर सगळे सूर काफी थाटाचे. पाश्चात्त्य मंडळी त्याला डोरियन म्हणतात. तिसऱ्या तारेवर पाचव्या फ्रेटला सी धर, तो कोमल निषाद. जी सेव्हन येताच बोट एक फ्रेट मागे घे. आला बी, म्हणजे शुद्ध धैवत आणि जीचा गंधार. एवढ्या एका फ्रेटनं कॉर्ड बदलल्याचं ऐकणाऱ्याला कळतं. मग बॅकिंग ट्रॅक बंद करून नुसती सुरावट वाजव. तरीही कॉर्डचा बदल कळला तर साधलं म्हणायचं.

तिसरं, बारा बारचं ब्लूज: ए सेव्हन चार, डी सेव्हन दोन, पुन्हा ए सेव्हन दोन, ई सेव्हन एक, डी सेव्हन एक आणि शेवटी ए सेव्हन दोन. इथं सगळीकडे ए हाच सा धर: ए सेव्हनवर शुद्ध गंधार, डी सेव्हन आली की कोमल. दोन्ही गंधार तू जोग रागात ऐकले आहेस. तिथं शुद्ध चढताना, कोमल उतरताना. इथं तो निवाडा कॉर्ड करते. तबल्याच्या सोलोला मी पेटीवर लेहरा धरतो तेव्हा वादक कितीही लांब गेला तरी समेवर यायचं भान त्याला असतं. तुझ्या बारा बारांना तेच भान हवं.

आता एक सावधगिरी. डी, एफ, जी, ए, सी हे पाच सूर घे. खाली एफ कॉर्ड धरलीस तर भूप, डी मायनर धरलीस तर धानी. हेच सूर ए हा सा मानून, मध्यमात लावलेल्या तंबोऱ्यावर वाजव, मालकंस उभा राहतो. सूर तेच, पण कॉर्डनं सा हलवला की राग गेला. म्हणून राग शिकायचा असेल त्या दिवशी लूपर बंद आणि तंबोरा चालू. आपल्या मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं. निदान ॲपवर तरी तो लावत जा!

दोन्हीकडचं पचवलेला माणूस ऐकायचा असेल तर अमान्सिओ डिसिल्व्हा ऐक. गोव्याच्या घराण्यातला, १९३६ साली मुंबईत जन्मलेला हा जॅझ गिटारवादक. ‘इंटिग्रेशन’ ही त्याची तबकडी १९६९ सालची, लंडनची. त्यातलं ‘जयपूर’ लाव. आपल्या रागदारीचा रंग आहे, पण जॅझची शिस्त सुटलेली नाही.

रोज बसशील तेव्हा आधी तोंडानं गा, मग वाजव. मेट्रोनोम साठवर ठेव आणि सूर कमी घे. महिनाभर डी मायनर सेव्हन आणि जी सेव्हन, बाकी काही नाही. मग त्याचंच रेकॉर्डिंग मला पाठव, बॅकिंग ट्रॅकशिवाय. कॉर्ड्स मला ऐकू आल्या तर ब्लूजला हात लाव. नाही आल्या तर आणखी एक महिना तेच.

ताईला आणि भाऊजींना नमस्कार सांग.

तुझा,
मामा